रिकाम्या जागेचे व्याकरण

एकाच मजकुराचे संगणकीय पत्र अनेकांस धाडावयाचे असता नाव व गाव यांच्या जागा रिकाम्या ठेवितात. यंत्र त्या यादीवरून भरते. मराठीत हे वाटते तितके सुलभ नाही, कारण विभक्तिप्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. ‘… ला ग्रंथप्रदर्शन भरेल’ हा साचा रत्नागिरी जिल्ह्यातील ‘पाली’ घालून तपासल्यास ‘पालीला’ असे शुद्ध रूप मिळते. ईकारान्त स्त्रीलिंगी नाम येथे बदलत नाही. परंतु शेजारचे ‘लांजा’ घालताच ‘लांज्याला’ऐवजी ‘लांजाला’ उमटते. जिव्हाळा दाखविण्यास निघालेले पत्र वाचकाच्या गावाचे नावच मोडते.

याचा उपाय आपल्या जुन्या मायन्यातच आहे. ‘रा. रा. गोविंदराव यांस’ या रचनेत प्रत्यय नामास न लागता सर्वनामास लागतो व नाम अविकृत राहते. त्याच न्यायाने ‘लांजा येथे’ असे लिहावे. ‘आलास’ व ‘आलीस’ हा लिंगभेदही ‘आपण आलात’ या आदरार्थी रूपात लोपतो. तात्पर्य, प्रत्ययाचा भार रिकाम्या जागेवर न टाकता शेजारच्या शब्दावर टाकावा.