तळातील वाळूचा मागोवा

घरगुती प्रवाळ-मत्स्यालयात, म्हणजे ज्याला ते सांभाळणारे लोक 'रीफ टँक' म्हणतात त्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, पाहणाऱ्याचे लक्ष आधी प्रवाळ आणि मासे यांच्याकडे जाते आणि तळाकडे सर्वांत शेवटी. तरीही गेल्या सुमारे सत्तर वर्षांत ज्या मोजक्या प्रश्नांवर जाणकारांची मते पुन्हा पुन्हा पालटली, त्यांत तळाशी काय पसरावे, किती जाडीचे पसरावे आणि मुळात काही पसरावे की नाही, हा प्रश्न आघाडीवर आहे. या बदलांना लहर म्हणता येणार नाही, कारण प्रत्येक कालखंडाने तळातील वाळूवर एक निराळे काम सोपवले आणि ते काम तिला कुठवर झेपते हे कळल्यावरच पुढचा कालखंड सुरू झाला.

हे काम कोणते, हे समजण्यासाठी नत्राचा प्रवास थोडक्यात पाहावा लागतो. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो व तो विषारी असतो. प्राणवायू मिळेल तिथे राहणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या क्रियेला नत्रीकरण म्हणतात. जिथे प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो, तिथे दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि मागे उरलेला नत्र वायुरूपाने पाण्याबाहेर निघून जातो. ही विनत्रीकरणाची क्रिया. तळाच्या साऱ्या वादाच्या मुळाशी या दोन क्रिया आहेत, कारण वाळूच्या थराची जाडी आणि कणांचा आकार यांवरच त्या थरात प्राणवायू किती खोलवर पोहोचतो हे ठरते.

पहिला कालखंड अंडरग्रॅव्हल फिल्टरचा. 1950च्या दशकात खाऱ्या पाण्याचे मासे घरी ठेवण्याचा छंद अमेरिकेत वाढू लागला आणि रॉबर्ट स्ट्रॉन यांच्या 1959 सालच्या 'द सॉल्ट-वॉटर अ‍ॅक्वेरियम इन द होम' या पुस्तकामुळे ही पद्धत अनेकांपर्यंत पोहोचली. टाकीच्या तळापासून थोडी उचललेली छिद्रांची जाळी, तिच्यावर ठेचलेल्या प्रवाळाची, शिंपल्यांच्या चुऱ्याची किंवा डोलोमाइटची जाडी रेती, आणि हवेच्या बुडबुड्यांच्या जोरावर पाणी वर ओढणाऱ्या उभ्या नळ्या, अशी तिची साधी रचना होती. पाणी सतत रेतीतून खाली झिरपत असल्यामुळे सगळा थर प्राणवायूने भरलेला राही आणि नत्रीकरण उत्तम होई. मासे यात जगले. परंतु विनत्रीकरणाला जागाच न उरल्याने नायट्रेट साचत गेले, रेतीच्या फटींत गाळ अडकत गेला, आणि असे पाणी बहुतेक दगडी प्रवाळांना, म्हणजे चुन्याचा सांगाडा बांधणाऱ्या प्रवाळांना, मानवले नाही.

याच सुमारास जकार्तामध्ये ली चिन एंग अगदी वेगळ्या वाटेने जात होते. 1961 साली एका अमेरिकी मासिकात प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी आपली पद्धत मांडली. समुद्रातून आणलेले सच्छिद्र दगड त्यांवरील जीवांसह टाकीत ठेवायचे, हवेचे बुडबुडे सोडायचे आणि शुद्धीकरणाचे काम त्या दगडांवर सोपवायचे, एवढाच तिचा गाभा होता. पुढे 'लाइव्ह रॉक' या नावाने हे दगड जगभर गेले. दगडाच्या पृष्ठभागावर प्राणवायू भरपूर आणि आतल्या सूक्ष्म पोकळ्यांत तो अत्यल्प, त्यामुळे दोन्ही प्रकारचे जीवाणू एकाच दगडात नांदू शकतात, हे या पद्धतीचे बळ होते. वाळूवाचूनही टाकी चालू शकते, ही शक्यता इथे प्रथम ठळकपणे पुढे आली.

त्या शक्यतेला शिस्त दिली ती जर्मन छंदिष्टांनी. पीटर विल्केन्स, डिट्रिच श्ट्युबर आणि त्यांचे सहकारी यांच्या कामातून घडलेली आणि 'बर्लिन पद्धत' म्हणून ओळखली गेलेली रचना तीन गोष्टींवर उभी होती: भरपूर जिवंत दगड, फेसाबरोबर सेंद्रिय घाण पाण्याबाहेर काढणारे प्रोटीन स्किमर नावाचे यंत्र, आणि प्रवाळांना कॅल्शियम पुरवण्यासाठी चुन्याची निवळी. तळ उघडा ठेवायचा किंवा अगदी पातळ थर द्यायचा. चार्ल्स डेल्बीक आणि ज्युलियन स्प्रुंग यांच्या 'द रीफ अ‍ॅक्वेरियम' या ग्रंथाच्या 1994 मधील पहिल्या खंडातून ही पद्धत इंग्रजी वाचकांना सविस्तर कळली. अंडरग्रॅव्हल फिल्टरच्या काळात जी रेती टाकीचे हृदय मानली जात होती, ती आता गाळ धरून ठेवणारी अडगळ ठरली.

याच काळात मोनॅको येथे जाँ जोबेर हे शास्त्रज्ञ वाळूला पुन्हा कामाला लावत होते. त्यांनी 1989 साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत जाळीखालची पाण्याची जागा कायम होती, पण तिच्यातून पाणी ओढले जात नव्हते. वर जाड कणांच्या चुनखडी वाळूचा थर आणि खाली 'प्लेनम' म्हटली जाणारी स्थिर पाण्याची पोकळी, अशा रचनेमुळे प्राणवायू वाळूत केवळ विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत, उतरतो आणि खाली जाता जाता विरळ होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यामुळे एकाच थरात वर नत्रीकरण आणि खाली विनत्रीकरण घडते, शिवाय खोलवर निर्माण होणाऱ्या आम्लतेने वाळू किंचित विरघळून प्रवाळांना कॅल्शियमही मिळते. त्याच वस्तूतले पाण्याचे वाहणे थांबवताच तिचे काम बदलावे, हा या संशोधनाचा मोठा बोध होता.

1990च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत खोल वाळूच्या थराची, म्हणजे 'डीप सँड बेड'ची, लाट आली. अपृष्ठवंशीय प्राण्यांचे अभ्यासक रॉन शिमेक हे तिचे प्रमुख पुरस्कर्ते होते. पोकळीची गरज नाही; 10 ते 15 सेंटिमीटर जाडीचा अत्यंत बारीक वाळूचा थर द्यावा आणि त्यात कृमी, लहान कवचधारी प्राणी व गोगलगायी यांची भरगच्च वस्ती होऊ द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. हे प्राणी गाळ खातात, वाळू हळूहळू उलथत राहतात आणि तिच्या खोल भागात विनत्रीकरण चालू राहते. बहामा बेटांच्या उथळ समुद्रात तयार होणारी ऊलाइट वाळू, जिच्या प्रत्येक कणावर अ‍ॅरॅगोनाइट या कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाचे पापुद्रे एकावर एक चढलेले असतात, या काळात विशेष लोकप्रिय झाली.

या लाटेने छंदाला एक मोलाची दृष्टी दिली, कारण तळ हा निर्जीव पसारा नसून स्वतःच एक अधिवास आहे, हे तिच्यामुळे सर्वमान्य झाले. मात्र तिच्यावर ठेवलेला भरवसा गरजेपेक्षा मोठा होता. नत्राला वायू होऊन निघून जाण्याची वाट आहे. फॉस्फरसला ती नाही. खाद्यातून आलेला फॉस्फेट चुनखडी कणांच्या पृष्ठभागाला चिकटून राहतो आणि पाण्यातील त्याचे प्रमाण घटले की पुन्हा सुटतो, त्यामुळे वर्षानुवर्षे न हलवलेला जाड थर हे फॉस्फेटचे कोठार बनू शकते. थरातील प्राण्यांची विविधताही बंद टाकीत कालांतराने घटत जाते. त्यातच प्राणवायू पूर्ण संपलेल्या भागात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होऊ शकतो, म्हणून जुना थर एकाएकी उकरणे धोक्याचे ठरते. 2005 मध्ये रॉबर्ट टूनन आणि ख्रिस्तोफर वी यांनी प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक प्रयोगात प्लेनम असण्या-नसण्याने शुद्धीकरणात म्हणण्याजोगा फरक आढळला नाही, आणि पोकळीभोवती रंगलेल्या वादाची धार बोथट झाली.

त्यानंतर अनेक जण पुन्हा उघड्या तळाकडे वळले, विशेषतः अ‍ॅक्रोपोरासारखे नाजूक फांद्यांचे प्रवाळ वाढवणारे. या प्रवाळांना पाण्याचा जोरदार प्रवाह लागतो आणि तेवढ्या प्रवाहात बारीक वाळू उडून प्रवाळांवर बसते. उलट मोकळ्या तळावर गाळ साचत नाही आणि साचलाच तर नळीने सहज ओढून घेता येतो.

या सत्तर वर्षांत काही समजुतीही गळून पडल्या. अ‍ॅरॅगोनाइट वाळू पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप, आपोआप सांभाळते, ही त्यांतली एक. नेहमीच्या 8 ते 8.3 सामूच्या समुद्री पाण्यात ती विरघळतच नाही. थराच्या आत, जिथे सामू बराच घसरतो, तिथेच काही प्रमाणात विरघळते. त्यामुळे वाढत्या प्रवाळांची कॅल्शियमची गरज वाळूवर सोडून चालत नाही. गारगोटीच्या वाळूतून सिलिका सुटून तपकिरी शैवाल माजते, ही भीतीही अशीच अतिशयोक्त होती, कारण गारगोटी पाण्यात अत्यंत सावकाश विरघळते आणि सिलिका बहुधा शुद्ध न केलेल्या नळाच्या पाण्यातून येते.

कोकण किनारा हाताशी असलेल्या मराठी छंदिष्टाला समुद्रावरची वाळू आणण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु रत्नागिरी परिसरातील काळसर वाळूत इल्मेनाइट हे लोह आणि टायटॅनियमचे खनिज असते आणि किनाऱ्यावरच्या वाळूबरोबर चिखल व सेंद्रिय घाणही येते. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत खरे, पण दगडी प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, म्हणून त्यांचे तुकडे तळासाठी उचलणे हा गुन्हाच होय. ज्या प्रवाळांच्या प्रेमापोटी टाकी मांडायची, त्यांचाच किनारा त्यासाठी ओरबाडणे कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही.

हा सारा प्रवास पाहता तळाची निवड म्हणजे प्रत्यक्षात कामाची वाटणी असते, हे स्पष्ट होते. वाळूत शिरून झोपणारे रॅस मासे किंवा बीळ करून राहणारे जॉफिश ठेवायचे असतील, तर त्यांना पुरेल एवढ्या जाडीचा थर हवाच. अशी गरज नसलेल्या मिश्र टाकीला 1 ते 2 मिलिमीटर कणांचा, 3 ते 5 सेंटिमीटर जाडीचा थर सहसा पुरतो, कारण त्याचे कण सहज उडत नाहीत आणि तो थोडा थोडा उपसून धुता येतो. आणि प्रवाहप्रिय प्रवाळांच्या दाटीत उघडा तळ सोयीचा पडतो. खोल थराने नायट्रेटचे काम हलके होते, पण फॉस्फेटकडे नजर ठेवण्याचे काम वाढते. उघड्या तळाने गाळ काढणे सोपे होते, पण तळातल्या जीवसृष्टीला मुकावे लागते आणि शुद्धीकरणाचा भार दगडांवर व यंत्रावर पडतो. ज्या टाक्या दीर्घकाळ टिकतात, त्यांच्यामागे कोणत्या तरी थराचे गुपित नसते. आपल्या तळाने कोणते काम माणसाच्या हाती सोपवले आहे हे ओळखून ते दर आठवड्याला निष्ठेने करणारा कोणी तरी असतो.