गणित अध्यापन पद्धतीच्या अभ्यासक्रमातील गुणदान व वर्गसहभागाचे धोरण : एक विवेचन

प्रस्तावना :

बी.एड. अभ्यासक्रमातील ‘गणित अध्यापन पद्धती’ हा विषय एका बाबतीत वैशिष्ट्यपूर्ण आहे. छात्राध्यापकाचे मूल्यमापन होत असतानाच मूल्यमापन कसे करावे, हेही तो शिकत असतो. चुकीच्या उत्तराकडे प्राध्यापक कसे पाहतात, गप्प बसणाऱ्यास कोणती संधी देतात, याचा ठसा त्याच्या पुढील अध्यापनावर उमटतो. म्हणून गुणदानाचे धोरण ही केवळ कार्यालयीन बाब नसून अभ्यासक्रमाच्या आशयाचाच तो एक भाग होय. प्रस्तुत लेखात गुणांचा भारांश, श्रेणीची सरासरी, उपस्थिती, सहभाग आणि फेरलेखनाची संधी या बाबींचा विचार केला आहे.

१. मूल्यमापन कशाचे?

ली शुलमन यांनी १९८६ मध्ये विषयज्ञान व अध्यापनशास्त्र यांच्या संयोगातून निर्माण होणाऱ्या, शिक्षकाच्या खास ज्ञानाकडे लक्ष वेधले. आपल्याकडील ‘आशययुक्त अध्यापन पद्धती’ ही संज्ञा याच विचाराशी नाते सांगते. लिपिंग मा यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अमेरिकेतील २३ व चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांच्या गणितविषयक आकलनाची तुलना आहे. त्यांतील एक प्रश्न पावणेदोन भागिले अर्धा हा होता. उत्तर काढणे आणि या भागाकाराला साजेसे शाब्दिक उदाहरण तयार करणे, अशी दोन कामे शिक्षकांना दिली होती. अनेक अमेरिकन शिक्षकांनी ‘अर्ध्याने भागणे’ आणि ‘निम्मे करणे’ यांत गल्लत केली. पावणेदोन लिटर दुधातून अर्ध्या लिटरची किती मापे भरतील, असे विचारले की उत्तर साडेतीन येते. तेच दूध दोघांत वाटले तर प्रत्येकाला एक लिटरहूनही कमी मिळते. हा भेद मुलांना उलगडून दाखविता येणे, हेच पद्धती विषयाचे खरे साध्य आहे. केवळ व्याख्या व पायऱ्या विचारणाऱ्या प्रश्नपत्रिकेतून ते मोजले जात नाही.

२. भारांश आणि प्रत्यक्ष प्रभाव

समजा, १०० गुणांपैकी ८० गुण लेखी परीक्षेस व २० गुण अंतर्गत कार्यास आहेत. लेखी परीक्षेत वर्गाचे गुण ३५ ते ७० या दरम्यान पसरले आणि अंतर्गत कार्यात सर्वांना १८ किंवा १९ गुण मिळाले, तर पहिल्या घटकामुळे दोन विद्यार्थ्यांत ३५ गुणांपर्यंत अंतर पडू शकते. दुसऱ्यामुळे अवघ्या एका गुणाचे. कागदावर अंतर्गत कार्याचा भारांश २० टक्के असला, तरी विद्यार्थ्यांचा क्रम ठरविण्यातील त्याचा वाटा नगण्य ठरतो. घटकाचा प्रभाव त्याच्या कमाल गुणांवर नव्हे, तर गुणांच्या विचलनावर अवलंबून असतो, हे संख्याशास्त्रातील साधे तत्त्व येथे विसरले जाते.

सर्वांना भरघोस गुण देणे वरकरणी उदारपणाचे वाटते. प्रत्यक्षात पाठ टाचणावर मनापासून मेहनत घेणाऱ्या छात्राध्यापकाचे श्रम त्यामुळे अदृश्य होतात. मात्र यावर उपाय म्हणून गुण कृत्रिमरीत्या पसरविणेही योग्य नव्हे. निकष आधी जाहीर करावेत व त्यांच्या आधारे मिळतील ते गुण द्यावेत. सर्वांनी निकष पूर्ण केले तर सर्वांना उत्तम गुण मिळण्यास हरकत नाही.

३. श्रेणी, श्रेयांक आणि शून्य

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ मधील निवडाधारित श्रेयांक पद्धतीत दहा बिंदूंची श्रेणी सुचविण्यात आली. सत्राची सरासरी काढताना प्रत्येक विषयाचा श्रेणीबिंदू त्याच्या श्रेयांकाने गुणला जातो. चार श्रेयांकांच्या विषयात ६ व दोन श्रेयांकांच्या विषयात ९ बिंदू मिळाल्यास सरासरी (२४ + १८) ÷ ६ म्हणजे ७ येते. साधी सरासरी ७.५ आली असती. गणिताच्या छात्राध्यापकांना ही भारित सरासरी स्वतःच्याच गुणपत्रकावरून शिकविता येते.

शून्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. चार स्वाध्यायांत ८, ८, ८ आणि न दिलेल्या स्वाध्यायास ० असे गुण धरल्यास सरासरी ६ होते. हा आकडा आकलन सांगत नाही आणि नियमितपणाही सांगत नाही. दोहोंची सरमिसळ करतो. त्यासाठी विलंबाची निश्चित मुदत व निश्चित गुणकपात आधीच जाहीर करावी. मुदतीनंतरही काम न आल्यास शून्य द्यावे, परंतु ‘काम सादर नाही’ अशी वेगळी नोंद ठेवावी.

४. उपस्थिती म्हणजे सहभाग नव्हे

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड.साठी अभ्यासक्रम व प्रात्यक्षिक कार्यास किमान ८० टक्के, तर शालेय आंतरवासितेस ९० टक्के उपस्थिती निश्चित केली. ही परीक्षेस बसण्याची पात्रता आहे. त्याच उपस्थितीला पुन्हा सहभागाचे गुण देणे म्हणजे एकच गोष्ट दोनदा मोजणे होय.

दुसरी गल्लत बोलण्याला सहभाग समजण्याची. पदवीपर्यंतचे गणित इंग्रजीतून शिकलेला छात्राध्यापक लंबांतर, संमुख कोन, बैजिक राशी या शब्दांशी अडखळतो. मराठी माध्यमातून आलेला इंग्रजी चर्चेत मागे राहतो. या अडखळण्याला गणिताचे अज्ञान समजणे अन्यायकारक आहे. म्हणून सहभागाचे एकाहून अधिक मार्ग मान्य करावेत :

(अ) चर्चेत मत मांडणे किंवा फळ्यावर रीत उलगडणे;
(आ) तासिकेच्या अखेरीस चिठ्ठीवर एक शंका लिहून देणे;
(इ) सहाध्यायाच्या सरावपाठाचे सकारण निरीक्षण नोंदविणे;
(ई) विद्यार्थ्याच्या चुकीचे विश्लेषण करणे.

शेवटच्या मार्गाचे निकष उदाहरणाने स्पष्ट होतील. एका मुलाने १/२ + १/३ = २/५ असे लिहिले आहे. ‘उत्तर चूक, छेद समान कर’ एवढेच सांगणारा छात्राध्यापक पहिल्या स्तरावर आहे. मुलाने अंश व छेद सुट्या पूर्ण संख्यांप्रमाणे मिळविले, हे कारण ओळखणारा दुसऱ्या स्तरावर. २/५ हे अर्ध्याहूनही लहान आहे, मग अर्ध्यात भर घालून उत्तर कमी कसे झाले, असे विचारून मुलालाच विसंगती शोधू देणारा तिसऱ्या स्तरावर. असे स्तर लिहून ठेवले की गुणदानातील व्यक्तिनिष्ठता पुष्कळ कमी होते, आणि गुण का गेला याचे उत्तर छात्राध्यापकाला मिळते.

५. फेरलेखनाची संधी

पाठ टाचण एकदाच तपासून गुण बंद केले, तर अभिप्राय वाचण्याचे कारणच उरत नाही. एका फेरलेखनाची मुभा द्यावी. सोबत ‘काय बदलले व का’ ही टीप सक्तीची असावी. नंतरचे गुण आधीच्या गुणांच्या जागी धरावेत, सरासरी काढू नये. कारण सत्राअखेरीस आलेली क्षमता नोंदविणे हा हेतू आहे. ५० विद्यार्थ्यांच्या एककात तपासणीचा भार वाढतो, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी ही सवलत सत्रातील दोन प्रमुख टाचणांपुरती मर्यादित ठेवता येईल.

समारोप :

भारांशाचा खरा प्रभाव तपासणे, शून्याचा अर्थ निश्चित करणे, उपस्थिती व सहभाग वेगळे ठेवणे, सहभागाचे मार्ग वाढविणे आणि सुधारणेस वाव देणे, या पाच गोष्टींसाठी विद्यापीठाच्या नियमांत बदल करावा लागत नाही. अंतर्गत कार्याच्या मर्यादेत प्रत्येक प्राध्यापकाला त्या सत्रारंभीच लेखी स्वरूपात जाहीर करता येतील. चुकीचे कारण शोधण्यास जेथे गुण मिळतात, तेथे घडलेला शिक्षक उद्या अपूर्णांकाशी झगडणाऱ्या मुलाची वही केवळ लाल फुलीने भरणार नाही, अशी अपेक्षा बाळगता येते.