पायदुखीची भाषा आणि धमनीचे निदान

पायाकडे रक्त नेणाऱ्या धमन्या आतून चरबीच्या थराने अरुंद झाल्या, की त्याला परिधीय धमनीविकार म्हणतात. बसल्या जागी स्नायूंना पुरेल एवढे रक्त पोचते. चालू लागले की गरज वाढते, पुरवठा मात्र वाढत नाही, आणि पोटरी दुखू लागते. थांबले की काही मिनिटांत दुखणे ओसरते. या दुखण्याला वैद्यकात 'क्लॉडिकेशन' म्हणतात. लॅटिनमधील 'लंगडणे' या क्रियापदावरून हा शब्द आला. १८३१ मध्ये बुले या फ्रेंच पशुवैद्याने घोड्याच्या पायात ते नोंदवले आणि १८५८ मध्ये शार्को यांनी माणसात.

इंदुरात वैद्यकी करताना मराठी घरांतून मला हेच दुखणे वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते : 'पोटऱ्या भरून येतात', 'पायात गोळा येतो', 'शिरा आखडतात'. हे शब्द जिवंत आहेत, पण निदानाला पुरत नाहीत. 'गोळा' रात्री झोपेतही येतो आणि त्याचा धमनीशी बहुधा संबंध नसतो. 'शीर' या एका शब्दात आपण रक्तवाहिनी, मज्जातंतू आणि स्नायूची दोरी, तिन्ही बसवतो. त्यामुळे दुखण्याचे नाव विचारण्यापेक्षा त्याची वागणूक विचारावी लागते.

संशोधनानेही हीच वाट धरली. १९६२ मध्ये जेफ्री रोझ यांनी ठरावीक प्रश्नांची यादी प्रसिद्ध केली. दुखणे चालताना येते की बसल्याजागीही? पोटरीत येते का? उभे राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत थांबते का? १९९२ मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी ही यादी सुधारली आणि दुखरी जागा पायाच्या चित्रावर दाखवायला सांगितले. जिथे शब्द घोटाळा करतात, तिथे बोट खरे सांगते. मीही विचारतो, "आजोबा, राजवाड्यावरून सराफ्यात जाताना थांबावं लागतं का? नुसतं उभं राहून बरं वाटतं, की बसावंच लागतं?" बसल्यावर किंवा वाकल्यावरच आराम पडत असेल, तर संशय मणक्याकडे जातो.

तरीही प्रश्नांना मर्यादा आहे. धमनी अरुंद झालेल्या अनेकांना हे ठरावीक दुखणे होतच नाही. मधुमेहाने पाय बधिर झाला असेल, तर तक्रारच उमटत नाही. म्हणून घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. त्यासाठी रक्तदाबाचा पट्टा आणि डॉपलर यंत्र पुरते. सुई टोचावी लागत नाही. गुणोत्तर ०.९० किंवा त्याहून कमी आले, तर धमनीविकार धरतात. १.४० च्या वर गेले, तर धमनी कडक होऊन दाबली जात नसते. मधुमेहात हे बरेचदा दिसते. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात.

घरोघरी ही पायदुखी 'वय झालं' म्हणून सोडून दिली जाते. पुढे रात्री पाय खाली सोडल्याशिवाय झोप लागत नाही, बोटावरची जखम भरत नाही, आणि काहींचा पाय कापावा लागतो. शिवाय पायाची धमनी अरुंद झालेल्याला हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोकाही अधिक असतो. तंबाखू ओढणाऱ्याने आणि मधुमेह्याने तर हे विसरूच नये.

आपल्या अकादमीतून शब्दकोशाची कामे होतात. त्यांत दुखण्याच्या या घरगुती शब्दांनाही जागा मिळावी, आणि प्रत्येकापुढे ते दुखणे केव्हा येते व कशाने थांबते, हेही लिहिले जावे. असा कोश तरुण डॉक्टरच्या टेबलावर उपयोगी पडेल.