बिग बँगने देव सिद्ध होतो का? एका पाद्री शास्त्रज्ञाची भूमिका आणि आपण

"देव नाही म्हणता, मग बिग बँग कोणी घडवला?" हा प्रश्न आपल्या तरुण कार्यकर्त्यांना हमखास विचारला जातो. त्यावर आपल्याकडून बहुतेक वेळा एक ठरलेले उत्तर जाते: "विज्ञानाने देव खोटा ठरवला आहे." आमच्या मते प्रश्नही घाईचा आहे आणि उत्तरही. विश्वाच्या उत्पत्तीचा हा सिद्धांत ज्यांनी प्रथम मांडला, ते स्वतः कॅथलिक पाद्री होते. तरीही आपल्या सिद्धांताने देव सिद्ध होतो, असे त्यांनी कधी म्हटले नाही. उलट खुद्द पोपने तसे म्हटले तेव्हा त्यांना ते पटले नाही. हा इतिहास आपल्या अभ्यासवर्गात माहीत असायला हवा.

पाद्री आणि भौतिकशास्त्रज्ञ

जॉर्ज लमेत्र यांचा जन्म १८९४ मध्ये बेल्जियममध्ये झाला. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात होते. १९२३ मध्ये त्यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली आणि त्यानंतर केंब्रिजला एडिंग्टन यांच्याकडे खगोलशास्त्राचा अभ्यास केला. आइन्स्टाइनच्या समीकरणांतून विश्व प्रसरण पावू शकते, हे रशियाच्या अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये गणिताने दाखवले होते. लमेत्र यांनी १९२७ मध्ये त्या गणिताला दूरच्या दीर्घिकांच्या प्रत्यक्ष निरीक्षणांची जोड दिली. आइन्स्टाइन तेव्हा विश्व स्थिर आहे असे मानत. त्यांनी लमेत्र यांचे गणित मान्य केले, पण निष्कर्ष मानला नाही. १९२९ मध्ये हबल यांच्या निरीक्षणांतून दिसले की दीर्घिका जितकी दूर, तितकी ती वेगाने आपल्यापासून लांब जाते. १९३१ मध्ये लमेत्र यांनी पुढचे पाऊल टाकले. प्रसरण उलट दिशेने मागे नेले तर सारे द्रव्य एका अतिशय घन अवस्थेत एकवटलेले सापडेल, असे त्यांनी मांडले आणि तिला 'आदिअणू' म्हटले. 'बिग बँग' हे नाव १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर फ्रेड हॉईल यांनी दिले, आणि ते या सिद्धांताचे विरोधक होते.

पोपचे भाषण

२२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीसमोर भाषण केले. विश्वाला काळात सुरुवात आहे असे विज्ञान सांगते, म्हणजे ते निर्मात्याचीच साक्ष देते, असा त्यांचा रोख होता. लमेत्र या अकादमीचे सदस्य होते, पण हे भाषण त्यांना रुचले नाही. सिद्धांत अजून पुराव्याच्या कसोटीवर होता. भौतिकशास्त्रातली 'सुरुवात' आणि धर्मातली 'निर्मिती' हे दोन वेगळे विषय आहेत, असे त्यांचे मत होते. पुढच्या वर्षी जगभरचे खगोलशास्त्रज्ञ रोमला जमले. त्याआधी लमेत्र यांनी आपले म्हणणे व्हॅटिकनपर्यंत पोहोचवले, असे अभ्यासक सांगतात. खगोलशास्त्रज्ञांपुढच्या भाषणात पोपने तो दावा पुन्हा केला नाही. १९५८ मध्ये लमेत्र यांनी ब्रसेल्सच्या परिषदेत स्पष्टच सांगितले की हा सिद्धांत धार्मिक प्रश्नाच्या बाहेरचा आहे आणि तो मानूनही भौतिकवादी माणूस देव नाकारायला मोकळा आहे.

मग त्यांनी श्रद्धा आणि विज्ञान यांचा मेळ कसा घातला?

कॅथलिक परंपरेत याला जुना आधार आहे. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस यांनी लिहून ठेवले होते की जगाला सुरुवात आहे हे केवळ तर्काने सिद्ध करता येत नाही. त्यांच्या मते निर्मिती म्हणजे फार पूर्वी एकदा घडलेली घटना एवढेच नव्हे. जगाचे अस्तित्वच प्रत्येक क्षणी देवावर अवलंबून आहे, असा तिचा अर्थ. असा देव मानणाऱ्याचे भौतिकशास्त्राशी भांडण होत नाही. विश्व १३८० कोटी वर्षांचे असो की अनादि, त्याच्या श्रद्धेला धक्का लागत नाही.

पण याची किंमतही समजून घेतली पाहिजे. असा देव कोणत्याही मोजमापात सापडत नाही, म्हणून विज्ञानाची साक्ष त्याच्या बाजूने काढता येत नाही. आणि जग सहा दिवसांत झाले, ते काही हजार वर्षांचेच आहे, असे कोणी म्हटले तर तो वस्तुस्थितीबद्दलचा दावा होतो. तो पुराव्यापुढे टिकत नाही.

विज्ञानाचे म्हणणे नेमके किती आहे, हेही लक्षात ठेवू. विश्व पूर्वी अतिशय उष्ण आणि घन होते व ते प्रसरण पावत आले आहे. दीर्घिकांचे दूर जाणे, हायड्रोजन-हेलियमचे प्रमाण आणि १९६५ मध्ये पेन्झियास व विल्सन यांनी जाहीर केलेले, आकाशात सर्व दिशांनी येणारे मंद सूक्ष्मलहरी प्रारण हे त्याचे पुरावे. अगदी पहिल्या क्षणाबद्दल, किंवा त्याआधी काही होते का याबद्दल, शास्त्रज्ञांचे एकमत नाही. त्या रिकाम्या जागी देव बसवणे हा पुरावा नव्हे. पण "देव नाही हे विज्ञानाने सिद्ध केले" असे म्हणणेही विज्ञानाच्या तोंडी आपले शब्द घालणे आहे.

हॉईल यांचे विद्यार्थी आणि कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी तर शेवटपर्यंत बिग बँगला पर्यायी सिद्धांत मांडले. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाहीत, पण वाद चालला तो निरीक्षणे आणि गणित यांच्या आधारे. कोणाच्या श्रद्धेला काय सोयीचे आहे, यावर निकाल लागत नाही.

आपल्याकडचा पोप पायस

आता आपल्याकडे पाहू. "बुद्धांनी बिग बँग अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितला" अशा पोस्ट समाजमाध्यमांवर फिरतात. आधार दिला जातो अग्गञ्ञ सुत्ताचा, कारण त्यात जगाच्या आकुंचन-प्रसरणाचे वर्णन आहे. आमच्या मते हे १९५१ च्या भाषणाचीच पुनरावृत्ती आहे. त्या सुत्ताचा रोख जन्माने श्रेष्ठ ठरण्याच्या ब्राह्मणी दाव्यावर आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज या ब्राह्मण कुळातून आलेल्या दोघांना बुद्ध तिथे माणसाची श्रेष्ठता आचरणावर ठरते, हे समजावतात. ते सोडून आपण त्यातून खगोलशास्त्र शोधत बसलो तर सुत्ताची धारच जाते. शिवाय उद्या सिद्धांत बदलला तर धम्मही बदलायचा का?

बुद्धांनी जग शाश्वत की अशाश्वत या प्रश्नाचे उत्तर मालुंक्यपुत्ताला दिले नाही. विषारी बाण लागलेल्याने तो कोणी मारला याची चौकशी करत न बसता आधी बाण काढून घ्यावा, हे त्यांचे उत्तर आपल्याला माहीत आहे. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ईश्वरावरील विश्वास आणि केवळ तर्कवितर्कावर उभा असलेला विश्वास, दोन्ही धम्माबाहेर ठेवले.

मग ईश्वराबद्दल बुद्धांचा आक्षेप कोणता? अंगुत्तर निकायातल्या तित्थायतन सुत्तात तो स्पष्ट आहे. माणसाच्या वाट्याला येणारे सारे ईश्वराने घडवले असे मानले, तर खुनी आणि चोरही ईश्वरामुळेच तसे ठरतात. मग काय करावे आणि काय करू नये याला अर्थच उरत नाही. सारे मागच्या जन्मीच्या कर्माने घडते असे म्हणणाऱ्यांना, आणि सारे विनाकारण घडते असे म्हणणाऱ्यांनाही बुद्धांनी हेच उत्तर दिले. ज्या समाजाला "तुमची अवस्था ईश्वरी इच्छा आहे, पूर्वजन्माचे फळ आहे" असे पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले, त्याला या युक्तिवादाचे मोल वेगळे सांगायला नको.

म्हणून मित्रहो, पुढच्या वेळी "बिग बँग कोणी घडवला?" असे कोणी विचारले तर लमेत्र यांची गोष्ट सांगा. पहिल्या क्षणाबद्दल जे माहीत नाही, ते माहीत नाही असे म्हणायला कचरू नका. विज्ञान मानणारा श्रद्धावान भेटला तर त्याच्याशी खगोलशास्त्रावर भांडू नका. तिथे तुमचे त्याचे एकमत होऊ शकते. त्याला एवढेच विचारा: माणसाने माणसावर केलेल्या अन्यायाची जबाबदारी तुम्ही कोणावर टाकता? आपला खरा प्रश्न तो आहे, आणि त्याचे उत्तर दुर्बिणीत सापडणार नाही.

जय भीम, नमो बुद्धाय!