‘सेवा’ : शब्द आणि आचार

मराठी ख्रिस्ती समाजाच्या व्यवहारात ‘सेवा’ हा शब्द पूर्णपणे रुळलेला आहे. रुग्णाची शुश्रूषा, अनाथांचे संगोपन, धर्मोपदेश या सर्वांस तो सारखाच लावला जातो. मात्र मराठीच्या परंपरेतून येताना या शब्दाने आपली एक दिशा बरोबर आणली होती. ईश्वराची, गुरूची, मातापित्यांची सेवा करावयाची. म्हणजे सेवेचा ओघ सामान्यतः लहानाकडून थोराकडे. ख्रिस्ती आचारात ही दिशा उलट होते. योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. गुरूच शिष्यांपुढे वाकतो. जनाबाईबरोबर जात्यावर बसणारा विठ्ठल ज्या भाषेच्या परिचयाचा आहे, तिला ही कल्पना सर्वस्वी परकी वाटण्याचे कारण नाही.

नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द येथे उद्बोधक ठरतात. ‘दूलोस’ म्हणजे गुलाम. ‘दियाकोनोस’ म्हणजे सेवक. परंतु या शब्दाच्या प्रचलित अर्थांत भोजनप्रसंगी वाढणारा हाही एक अर्थ होता. मराठीत त्यास ‘वाढपी’ म्हणता येईल. पंक्तीत कोणाचे पान रिकामे आहे इकडे वाढप्याचे लक्ष असते, आणि तो स्वतः मागाहून जेवतो. संस्कृत ‘सेव्’ या धातूच्या अर्थांत जवळ राहणे, सान्निध्य धरणे हा अर्थ आहे. नम्रता आणि सान्निध्य ही सेवेची दोन्ही अंगे अशा रीतीने या शब्दांतूनच सूचित होतात.

सेवेची पहिली कसोटी भाषेच्या प्रश्नावरच लागली, हे विशेष होय. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमेतील मंडळीचा एक कलह वर्णिलेला आहे. रोजच्या वाटपात ग्रीक भाषिकांच्या विधवांची उपेक्षा होते, अशी ती तक्रार होती. तिच्या निवारणार्थ सात जण निवडण्यात आले आणि त्या सातांचीही नावे ग्रीक आहेत. ज्यांची उपेक्षा झाली त्यांच्या बाजूची माणसे वाटपावर नेमली गेली, असा याचा अर्थ लावता येतो. शिवाय अन्नाच्या वाटपास आणि वचनाच्या प्रसारास त्या अध्यायात ‘दियाकोनिया’ हा एकच शब्द योजिला आहे. कामे वाटली गेली. शब्द मात्र एकच राहिला.

महाराष्ट्रात ही दोन्ही कामे एका छपराखाली आणली ती पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२). १८८९ मध्ये त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले. पुढे मध्य प्रांतातील १८९६–९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना व स्त्रियांना त्यांनी केडगाव येथे आश्रय दिला. तेथील मुक्ती मिशनमध्ये अन्नवस्त्राची सोय झाली, तशी शिक्षणाची व उद्योगाचीही झाली. याच ठिकाणी रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर सिद्ध केले. पांडित्य दाखविण्याचे सामर्थ्य असूनही, अल्पशिक्षित स्त्रीस कळेल असे सोपे मराठी त्यांनी हेतुपुरस्सर स्वीकारले. ज्यांना आश्रय मिळाला होता त्या स्त्रियांनीच छपाईच्या कामात भाग घेतला. संपूर्ण ग्रंथ रमाबाईंच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

नम्र सेवा आणि उपकार यांतील भेद या उदाहरणावरून स्पष्ट होतो. उपकार करणारा उंचावर राहतो आणि घेणाऱ्यास कायमचा ऋणी ठेवतो. योहानाच्या वृत्तांतात पेत्र प्रथम पाय धुऊन घेण्यास नकार देतो. सेवा घेणे हेही सेवा करण्याइतकेच अवघड असते, हे त्यातून दिसते. घेणाऱ्याचा हा संकोच ओळखणे, त्याच्या भाषेत बोलणे आणि उद्या त्याच्या हातूनही काही घेण्याची तयारी ठेवणे, यांवाचून औदार्यास पूर्णता येत नाही. शेजारच्या आजाऱ्यास पेज नेऊन देणारी व्यक्ती दाराशीच भांडे ठेवून परतते, की घटकाभर उशाशी बसते, एवढ्या लहानशा गोष्टीवरूनही ‘सेवा’ या शब्दाचा अर्थ पाळला गेला की नाही, हे ठरते.