चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

दारात हत्ती झुलावा असे कोणाला वाटत नाही? पण हत्ती घेणे निराळे आणि पोसणे निराळे! इटलीतील फेरारी कारखान्याची एफ ३५५ ही मोटार असाच एक हत्ती. १९९४ ते १९९९ या काळात ती तयार झाली. साडेतीन लिटरचे इंजिन आणि दर सिलिंडरला पाच व्हॉल्व. नावातले आकडे आले ते यावरूनच. पुढे ती जुनी झाली, काही काळ किंमतही उतरली आणि युरोप-अमेरिकेतल्या हौशी मंडळींना मोह पडला.

खरी गोम पुढेच आहे. व्हॉल्वची उघडझाप रबरी पट्ट्यांवर चालते. पट्टा तुटला की व्हॉल्व पिस्टनवर आदळून वाकतात. म्हणून मोटार नुसती उभी असली तरी दर काही वर्षांनी पट्टे बदलावेच लागतात. पट्टा स्वस्त, पण तो बदलायला सबंध इंजिन मोटारीतून उतरवावे लागते! मजुरीसकट बिल हजारो डॉलरांवर जाते. शिवाय आरंभीच्या गाड्यांत व्हॉल्व ज्यातून सरकतात त्या काशाच्या नळ्या लवकर झिजतात आणि इंजिनाला जोडलेले धुराचे पाइप तडकतात, ते वेगळेच.

तेव्हा वाचकहो, वयाबरोबर मोटारीची किंमत उतरते, दुरुस्तीची उतरत नाही. जाणता गिऱ्हाईक रंगाची झिलई पाहत बसत नाही. पट्टे केव्हा बदलले याची पावती आधी मागतो. जुनी फेरारी घ्या की शेजाऱ्याची जुनी स्कूटर, हा नियम एकच!