तीन फूट मागे सरकताना

क्रीडा प्रतिनिधी

आपल्याकडे क्रिकेटची बावीस यार्डांची खेळपट्टी शालेय खेळाडूला आणि कसोटीपटूला सारखीच असते. सॉफ्टबॉलमध्ये तसे नाही. तेथे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी खेळाडू, जसजशी वयाने वाढते तसतसे तिच्या आणि होमप्लेटमधील अंतरही वाढत जाते. मुलींमध्ये हा खेळ खोलवर रुजलेल्या अमेरिकेत दहा वर्षांखालील पिचर ३५ फुटांवरून चेंडू टाकते, बारा वर्षांखालील गटात ४० फुटांवरून आणि त्यापुढे ४३ फुटांवरून. ४३ फूट, अर्थात १३.११ मीटर, हेच महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांचे अंतर आहे. पुरुषांसाठी ते ४६ फूट असते. अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या सामन्यांत पूर्वी ४० फूट अंतर होते. पिचरचे वर्चस्व थोडे कमी होऊन फलंदाजी व क्षेत्ररक्षणाला वाव मिळावा, या हेतूने २०१०-११च्या हंगामापासून तेथेही ४३ फूट बंधनकारक झाले.

कागदावर हा फरक अवघा तीन फुटांचा. तथापि, गेल्या हंगामात अचूक मारा करणारी मुलगी नव्या वयोगटात पाऊल टाकताच तिचे चेंडू फलंदाजाच्या गुडघ्याखाली घसरू लागतात, काही तर प्लेटच्या आधीच टप्पा घेतात. मैदानाबाहेर उभ्या असलेल्या पालकांचे निदान बहुधा ठरलेले असते: ताकद कमी पडते आहे. उपायही ठरलेला: जोर लाव. हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते आणि त्याची किंमत खांद्याला मोजावी लागते.

थोडा हिशेब मांडला म्हणजे हे ध्यानात येईल. पिचर प्लेटवरून लांब पाऊल टाकून पुढे झेपावते आणि चेंडू कमरेजवळून सोडते. त्यामुळे चेंडूचा प्रत्यक्ष हवेतील प्रवास अंदाजे सहा फुटांनी कमी होतो. ४० फुटांचे सुमारे ३४ होतात आणि ४३चे ३७. आता ताशी ५० मैल, म्हणजे सुमारे ८० किलोमीटर वेगाचा चेंडू घ्या. ३४ फुटांवर तो ज्या उंचीवरून सुटला त्याच उंचीला पोहोचत असेल, तर वेग आणि कोन तोच ठेवून ३७ फुटांवर तो सुमारे चार इंच खाली पोहोचतो. हवेचा रोध येथे जमेस धरलेला नाही. हे चार इंच भरून काढण्यासाठी चेंडू सोडण्याचा कोन किती वाढवावा लागतो? जेमतेम अर्धा अंश. डावी-उजवीकडची चूकही वाढते, पण प्रवासाच्या प्रमाणात. जो चेंडू आठ इंच बाहेर जात होता तो आता नऊच्या आत-बाहेर जाईल. खरी अडचण उंचीची आहे, आणि ती स्नायूंनी नव्हे, हात केव्हा मोकळा होतो या क्षणाने सुटते. खालून टाकलेला चेंडू क्षणभर उशिरा सुटला की वर जातो, लवकर सुटला की खाली राहतो.

मुलीला हे कोणी सांगत नाही. ती ऐकते ते फक्त ‘जोर लाव’. मग ती कमरेतून पुढे वाकते, दंड आखडून घेते, पाऊल नेहमीपेक्षा लांब टाकते आणि पायांनी करायचे काम खांद्याकडून करून घेते. दोन-चार चेंडू कदाचित बरे पडतात. त्यानंतर मात्र सोडण्याचा क्षणच हरवतो आणि चेंडू कधी डोक्यावरून, कधी पायाशी जाऊ लागतात.

खालून चेंडू टाकणे नैसर्गिक आहे, त्याने हाताला इजा होत नाही, अशी एक जुनी समजूत आहे. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत तीन सामने खेळून ४१३ चेंडू टाकले आणि सुवर्णपदक मिळवून दिले, तेव्हा या समजुतीला बळच मिळाले असावे. वस्तुस्थिती वेगळी आहे. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमधील पिचरांच्या चित्रणावरून अमेरिकी संशोधकांनी केलेल्या अभ्यासात, चक्राकार फिरणाऱ्या हाताला खांद्याच्या सांध्यातून बाहेर खेचणारे बल शरीराच्या वजनाच्या सुमारे ८० टक्के आढळले. या खेळाडू प्रौढ आणि कसलेल्या होत्या. हाडे अजून वाढत असलेल्या बारा वर्षांच्या मुलीने हाच भार चुकीच्या ढबीने आणि दिवसाला शंभरदा घ्यावा, ही अपेक्षा रास्त नव्हे. खांद्याच्या पुढच्या बाजूला, दंडाच्या स्नायूपाशी दुखू लागले, तर तो सरावाचा थकवा समजून दुर्लक्षिण्याचा विषय नाही.

मग सराव कसा असावा? हंगाम सुरू होण्याच्या पुरेसे आधी अंतर वाढवायला घ्यावे, आणि तेही एकदम नव्हे. सुरुवात अगदी जवळून, दहा-पंधरा फुटांवरून, केवळ मनगट आणि चेंडूची फिरकी यांसाठी. नंतर सवयीचे अंतर. तेथे चेंडू मनासारखा पडू लागला की एक फूट मागे. ढब बिघडली की पुन्हा एक फूट पुढे. दोन खांबांना आडवी दोरी बांधून चेंडू तिच्यावरून नेण्याचा सराव उपयोगी पडतो, कारण मुलीला उंची डोळ्यांनी दिसते. त्याहून सोपा उपाय कॅचरच्या हाती आहे. तिने पहिले काही दिवस आपला ग्लोव्ह मूठभर वर धरावा. पिचर त्याच हालचालीने त्या उंच लक्ष्याकडे टाकते आणि अर्धा अंश आपोआप साधला जातो. तिला काही समजावून सांगावेही लागत नाही.

संथ चेंडूचा मात्र वेगळा विचार करावा लागतो. ताशी ४० मैलांचा चेंडू वरच्याच हिशेबाने चार नव्हे, सहा इंच खाली येतो. म्हणून वेगवान चेंडू जुळला म्हणजे सारे जुळले, असे मानणे घाईचे ठरते. वाढलेल्या अंतराचा लाभही आहे: खाली झुकणाऱ्या वा वळणाऱ्या चेंडूला वळण्यास अधिक वाव मिळतो.

अमेरिकेतील ३५ वरून ४० फुटांचा टप्पा खरे तर याहून कठीण म्हणावा लागेल. तेथे अंतराबरोबर चेंडूही बदलतो. ११ इंच घेराच्या जागी १२ इंचांचा येतो. लहान हातात मोठा चेंडू नीट बसत नाही, फिरकी मंदावते आणि दोष पुन्हा अंतरावर ढकलला जातो. मोठा चेंडू आधी जुन्या अंतरावरून टाकून पाहावा, मग मागे सरकावे. दोन बदल एकाच दिवशी केले तर चूक कशाची, हे प्रशिक्षकालाही उमगत नाही.

आपल्याकडे शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत सॉफ्टबॉल खेळला जातो आणि अनेक शाळांत क्रिकेट-कबड्डीच्याच मैदानावर चुना टाकून सराव होतो. अंतर पावलांनी मोजले, तर एखाद-दुसऱ्या फुटाची तफावत सहज पडते, आणि एवढ्याने चेंडूची उंची बदलते हे वर दिसलेच. नियमानुसार अंतर पिचरच्या प्लेटच्या पुढच्या कडेपासून होमप्लेटच्या मागच्या टोकापर्यंत मोजतात. पंचकोनी होमप्लेटची पुढची कड आणि मागचे टोक यांत १७ इंचांचे अंतर असते. फीत पुढच्या कडेला लावली, तर पिचर नकळत जवळजवळ दीड फूट मागे उभी राहते.